बोटाआधी वाजलेली तार

मावशीने मला पहिलं आख्खं काम दिलं आणि मी ते शाळेत सगळ्यांना सांगून मोकळी झाले. अर्ध्या वर्गाला गिटारच्या पोटात काय असतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण मी सोडते की काय. मागच्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर बसून नखं खाणारी मुलगी होते. आता माझ्याकडे स्वतःची कानस होती. आणि एक ड्रिलसुद्धा. म्हणजे ते मावशीचंच, पण त्यावर तिने मला "भिंगरी" असं मोठ्या अक्षरांत लिहू दिलं होतं. घरीदारी मला भिंगरीच म्हणतात, कारण मी एका जागी टिकत नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. भिंतीवर गिटारी मानेने टांगलेल्या, खिडकीखाली लांब टेबल, आणि टेबलावर जुन्या गालिच्याचा तुकडा, म्हणजे वाद्याला चरा पडू नये. खोलीभर सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. मावशी गिऱ्हाइकांशी मोजकं बोलते आणि गिटारींशी भरपूर. "कुणी गं तुला उन्हात ठेवलं?" असं ती ज्या मायेने विचारते, तेवढ्या मायेने तिने मला कधी जेवलीस का विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि काम कुणाचं, तर दादाचं. माझ्या सख्ख्या भावाचं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या उभ्या काळोख्या बोळात लोंबकळत असतो आणि तिथेच गुणगुणतो, कारण तिथे आवाज छान घुमतो. त्याची सगळी गाणी तिथेच झाली. त्यातलं एक गाणं दोन मजल्यांच्या मधे लिफ्टमधे अडकलेल्या माणसाचं आहे. वरही नाही आणि खालीही नाही. ते गाणं दोन वर्षं शेवटावाचून अडून बसलं होतं. अडकलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते दादाला सुचतच नव्हतं.

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात नव्या गाणाऱ्यांचा कार्यक्रम होता. मागच्या वर्षी दादा तिथे गायला होता आणि फजिती झाली होती. गिटारसमोर नुसता माइक ठेवलेला. दादा गाताना डोलतो, त्यामुळे गिटार मधेच ऐकू यायची, मधेच गायब. मागच्या रांगेतले लोक चक्क गप्पा मारायला लागले. त्यानंतर कित्येक महिने गिटार कपाटावर पडून होती. या वेळी तो मला म्हणाला, "गाणं पुरं झालं आणि लोकांना नीट ऐकू गेलं तर ठीक. नाहीतर मी गिटार ठेवून देणार. कायमची." दादा उगीच धमक्या देणाऱ्यातला नाही. लिफ्टमधे किती माणसं मावतात ती पाटी रोज वाचूनच आत पाऊल टाकणारा माणूस आहे तो. त्यामुळे मी ते खरंच धरलं.

म्हणून पिकअप. गिटारच्या तारा पोटावर ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, तिला सॅडल म्हणतात. बोटाएवढी लांब, हाडाची, एका खाचेत उभी बसलेली. त्या खाचेच्या तळाला, सॅडलच्या खाली, बुटाच्या नाडीहून बारीक अशी चपटी पट्टी घालायची. तोच पिकअप. तार थरथरली की सॅडल थरथरते, सॅडल पट्टीला दाबते, आणि पट्टी ते सगळं वायरीतून स्पीकरला जाऊन सांगते. मावशी तिला चुगलखोर म्हणते. माणूस डोलो नाहीतर नाचो, आवाज हलत नाही.

सगळी कसोटी असते सॅडलच्या बुडाशी. पट्टी खाली घातली की सॅडल तेवढी वर उचलली जाते, म्हणून पट्टीच्या जाडीइतकं बूड घासून काढायचं. आणि ते एकदम सपाट हवं. कुठे खोलगट राहिलं तर त्या जागेवरची तार पट्टीला नीट दाबत नाही आणि ती एकटीच मंद वाजते. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा आणि त्यावर सॅडल घासत बसायचं. मग तिच्या बुडाला पोलादी पट्टी लावून खिडकीकडे धरायचं. उजेड जिथून झिरपेल तिथे फट.

"केसभर फट राहतेच," मावशी म्हणाली. "राहू द्यायची. मी एवढी वर्षं राहू देते."

"माझ्या कामात नाही राहणार."

"बरं बाई."

मी शाळा सुटली की दप्तर टाकून घासायला बसायची. आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ, शेवटी तर असा की हाताला वहीचं पानच वाटावं. मावशी दोनदा म्हणाली, "पुरे गं, झालंय." मला ते पुरे वाटेना. आणि मग एका संध्याकाळी उजेड झिरपायचाच थांबला. मी सॅडल उलटीसुलटी करून पाहिली. कुठेही काही नाही, नुसती काळी रेघ. गंमत म्हणून ती कोऱ्या काचेच्या तुकड्यावर ठेवली आणि उचलायला गेले, तर काचही तिच्यासोबत उचलली गेली. दोघींच्या मधे हवासुद्धा शिल्लक नव्हती.

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. मावशीने बुडावरून अंगठा फिरवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"इतकं कशाला केलंस गं," ती म्हणाली.

मी ते कौतुकाच्या खात्यात जमा केलं.

पुढचं काम भराभर झालं. खाचेच्या टोकाला तिरकं भोक पाडलं, त्यातून वायर पोटात सोडली. गिटारच्या बुडाशी पट्टा अडकवायची खुंटी असते, ती काढून तिथलं भोक मोठं केलं आणि स्पीकरची वायर खोचायचं सॉकेट बसवलं. मावशीचा हात गिटारच्या गोल तोंडात मनगटाशी अडतो, माझा कोपरापर्यंत जातो, त्यामुळे आतला नट मीच आवळला. बॅटरीची पिशवी आत चिकटवली. पट्टी खाचेत, तिच्यावर सॅडल, मग तारा. सूर लावले. आणि दुकानातल्या जुन्या स्पीकरला वायर जोडली. तो "घूं" करत जागा झाला.

मावशी आत चहा टाकत होती. मी पहिली तार छेडली.

छान वाजली. पण काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं, आणि ते कानाला नाही, बोटाला. आपण बोलत असावं आणि समोरच्याने आपलं वाक्य आपल्याआधीच संपवून टाकावं, तसं. मी परत छेडली. मग अगदी सावकाश, जाड तारेकडे नख नेत गेले. नख अजून तारेपासून दूर होतं. स्पीकरमधून जाड तार वाजली. मग नख टेकलं आणि लाकडातून तोच आवाज आला, धाकट्या भावंडासारखा मागून धावत.

मी हात मागे घेतला. खोलीत नुसती घूंघूं.

मग स्पीकरमधून सगळ्यात बारीक तार वाजली. एकदाच, टिंग. मी तिच्याकडे वळलेसुद्धा नव्हते. मला वाटलं, बरं, बघूच आता. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि गिटार गालिच्यावर आडवी पडलेली असताना तिच्यापुढे नुसती उभी राहिले. काही झालं नाही. तार हलतेय का ते बघायला मी खाली वाकले, आणि माझ्या कानावर खोचलेली पेन्सिल निसटून खाली पडली. बरोबर बारीक तारेवर.

टिंग.

"मावशी," मी हाक मारली.

मावशीने चहाचा कप दारातच ठेवला. मी सगळं सांगितलं. तिने चेष्टा केली नाही, आणि तेच मला आवडलं नाही. तिने बोटाची पेरं वाकवली, गिटारच्या पोटावर टकटक करायला. ती नेहमी तशीच ऐकते. हात अजून हवेतच होता आणि स्पीकरमधून टकटक आली. मावशीने हात तिथेच थांबवला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला तो मागे घ्यायचा होता. पण पेरं हळूच खाली गेली आणि लाकडावर टेकली. टक, टक.

तिने ताबडतोब वायर काढली.

"सॅडल बाहेर काढ आणि बुडावरून एकदा खरखरीत कागद ओढ."

"मावशी, इतकी छान बसलीय."

"छान बसलीय म्हणूनच सांगतेय. तू आवाजाला थांबायला जागाच ठेवली नाहीस. मग तो पुढेच निघून गेला."

"असं कधी असतं का?"

"मला काय विचारतेस, तुझ्या पेन्सिलीला विचार."

एवढ्यात दादाच आला. कामावरून थेट, बाहीला ग्रीस, हातात लिफ्टच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा. मावशीने तोंड उघडेपर्यंत त्याने गिटार मांडीवर घेऊन वायर खोचलीदेखील. आणि स्पीकर वाजायला लागला.

त्याचंच गाणं होतं. ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. पण ते जिथे नेहमी अडायचं, तिथून पुढे गेलं. एक छोटंसं वळण घेतलं, इतकं सोपं की हे आजवर का सुचलं नाही असं वाटावं. दादाचे हात नुसते मांडीवर होते. मग ते उठले, तारांवर आले, आणि त्यांनी तेच वळण वाजवलं.

"हेच," तो म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "हेच मला सापडत नव्हतं."

"तुला सापडलेलं नाहीये," मावशी म्हणाली. "तुला सांगितलं गेलंय. काढ ती वायर."

"सांगणारा तरी कोण आहे? मीच ना? थोड्या वेळानंतरचा मी." दादा हसला. कित्येक दिवसांनी हसला. "मावशी, तुझा हा स्पीकर शनिवारपर्यंत नेतो."

ती नको म्हणत असतानाच त्याने स्पीकर खांद्यावर घेतला. लिफ्टची मोटर उचलणाऱ्या माणसाला कोण अडवणार.

घरी तो त्याच्या खोलीत बसला. आधी मलाही मजा वाटली. स्पीकर वाजायचा आणि मागोमाग दादा. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "हा प्रत्येक गोष्ट दोनदा का वाजवतो गं? एकदा वाजवून पोट भरत नाही का?"

"इको आहे," मी सांगितलं.

"इको नंतर येतो. हा आधी मोठ्याने वाजवतो आणि मग हळू."

आईला संगीतातलं काही कळत नाही असं आम्ही उगीच समजतो.

दुसऱ्या दिवशी अंतर वाढलं. आता स्पीकर आख्खी ओळ वाजवून गप्प व्हायचा, आणि बऱ्याच वेळाने दादाचे हात ती ओळ वाजवायचे. मी दारातून बघायची. तो वाजवत होता असं म्हणवत नाही. तो बसलेला असायचा, मान किंचित कलती, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. मग हात उठायचे. एकदा स्पीकरमधे एक सूर साफ चुकला, कानाला टोचेल इतका. मी म्हटलं, "आता तरी कळलं ना, तिथे चुकणार आहेस. मग दुसरं वाजव." दादाने मान हलवली. ती जागा आली आणि त्याचं बोट चुकीच्या तारेवर जाऊन पडलं. अगदी तसंच.

"दादा, मुद्दाम केलंस?"

"नाही गं." तो आपल्या बोटाकडे बघत होता. "मी दुसरीकडेच नेत होतो. ते तिथे गेलं."

"मग बंद कर ना."

"आता कुठे शेवटाला आलंय, भिंगरे. एवढं येऊ दे."

त्याने कामावर रजा टाकली. आंघोळ करताना तो गायचा, ते बंद झालं. जिना चढताना शीळ घालायचा, तीही बंद. घरात दादाचा असा एकही सूर उरला नाही जो आधी त्या खोक्यातून आलेला नव्हता. आई म्हणाली, कार्यक्रमाचं दडपण आलंय पोराला. मी मावशीकडे पळाले. तिने आपली कानस उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काम तुझं आहे. मी दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही." मी ती परत टेबलावर ठेवली. घासून घासून माझ्या बोटांच्या पेरांची साल गेली होती त्या सॅडलपायी. आणि खरं सांगायचं तर मलाही गाण्याचा शेवट ऐकायचा होता.

शुक्रवारी दुपारी शेवटचं कडवं आलं. मी त्याच्या पलंगाच्या कडेवर बसून होते. स्पीकर वाजत गेला. अडकलेला माणूस लिफ्टची घंटा दाबतो, परत दाबतो, तारा दोनदा टणटणतात, आणि मग...

मग काही नाही. घूं.

"संपलं?" मी विचारलं.

"छे. असं कसं संपेल. येईल पुढचं."

त्याने तिथपर्यंतचं वाजवून घेतलं आणि हात मांडीवर ठेवले. आम्ही ऐकत राहिलो. दुपार कलली, भिंतीवरचं ऊन पलंगावरून घसरत खाली गेलं. आईने दोनदा जेवायला हाक मारली. स्पीकरच्या जाळीमागे नुसता तो घूंघूं आवाज, कुणीतरी तोंड उघडून बसावं आणि बोलूच नये तसा. दादा त्या जाळीकडे असा बघत होता, की मला वाटलं मी उठून गेले तरी त्याला कळणार नाही.

"दादा, तूच वाजव ना पुढचं काहीतरी."

"काय वाजवू? अजून आलं नाहीये."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. तो वाट बघत बसणार होता म्हणून पुढे काही वाजणार नव्हतं. आणि पुढे काही वाजत नव्हतं म्हणून तो वाट बघत बसला होता. यातून बाहेर यायला दारच नव्हतं. मी त्याला हे सांगितलं, दोनदा सांगितलं, हाताने गोल काढून दाखवलं. त्याने माझ्याकडे वळूनही न बघता बोट ओठांवर ठेवलं. "श्श. तुझ्या बोलण्यात ते ऐकू येणार नाही."

आणि तेव्हाच स्पीकरमधून आवाज आला.

कुर्र. परत कुर्र. मग एक तार ढिली पडत खाली खाली घरंगळत गेली. मग दुसरी. मग टप, टप, टप. आणि शेवटी एक बारीकसा, कोरडा, करकरीत आवाज, दात उपटल्यासारखा. त्यानंतर शांतता.

दादा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "हे काय होतं?"

त्याला ओळखू आलं नाही. मला आलं. सूर लावायच्या खुंट्या सैल होताना, तारा अडकवायच्या पिना निघताना, आणि घट्ट बसलेली सॅडल खाचेतून उपसताना येणारे आवाज होते ते. ते असेच आले पाहिजेत, आधी जाड तार, मग पुढची, कारण मला मावशीने तसंच शिकवलंय आणि आमच्या घरात ते काम दुसऱ्या कुणाला येत नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "बॅटरी उतरली असेल."

रात्रभर मला एकच प्रश्न छळत होता. आता मी ते केलं, तर ते मी ठरवलं म्हणून केलं की स्पीकरने सांगितलं म्हणून? मी ठरवलं की नाहीच करायचं. मग आठवलं, हात मागे बांधून मी टेबलापुढे उभी राहिले होते तेव्हाही माझं तसंच ठरलं होतं.

सकाळी दादा जमिनीवरच झोपलेला होता, डोकं स्पीकरला टेकवून. गिटार शेजारी. वायर उपटली असती तर मोठ्ठा धप्प आवाज होऊन तो उठला असता, म्हणून मी ती तशीच राहू दिली आणि गिटार मांडीवर घेतली. जाड तारेची खुंटी पिळली. कुर्र. हा आवाज मला पाठ होता. प्रत्येक आवाज पाठ होता, आणि माझे हात ते एकेक करून पुरे करत होते, जणू मी काही करतच नव्हते, नुसती भरून देत होते. स्पीकर मात्र गप्प होता. त्याला सांगायचं ते सांगून झालं होतं.

सॅडल हातात आली. मी ती खिडकीकडे धरली. इतकं सुंदर काम मी परत कधी करेन असं मला वाटत नाही. दप्तरातून खरखरीत कागदाचा तुकडा काढला, गुडघ्यावर ठेवला, आणि बुडावरून ओढला. एकदाच, तिरका. नखाने बघितलं, खोलगट चर पडला होता. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण एक सांगते, कागदाचा तो खरखर आवाज मी स्पीकरमधून आधी ऐकलेला नव्हता. तो पहिल्यांदाच होत होता.

सॅडल बसवली, तारा चढवल्या, सूर लावले. मग श्वास धरून मधली एक तार छेडली. बोट टेकलं, लाकूड वाजलं, आणि त्याच क्षणी स्पीकर. पुढे नाही. दादा धडपडत उठला.

"आलं?" त्याने विचारलं. मग त्याला माझ्या गुडघ्याशी पडलेला कागद दिसला, हाडाची पांढरी पूड दिसली. त्याने गिटार ओढून घेतली, छेडली, परत छेडली, आणि स्पीकरकडे बघत राहिला.

"येत होतं ते," तो म्हणाला.

"नव्हतं येत, दादा."

"तुला काय माहीत? तुझ्या बापाला तरी माहीत आहे?"

"आपला बाप एकच आहे," मी म्हटलं. एरवी तो हसला असता.

संध्याकाळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. जाणार नाही म्हणत होता. आईने त्याचा शर्ट इस्त्री करून दारावर टांगला आणि म्हणाली, "मी शेजारणींना बोलावून बसलेय. तिथे जाऊन काय गाढवपणा करायचा तो कर, पण ये." तेव्हा निघाला.

सभागृहात आवाज बघणारे काका होते, गळ्यात हेडफोन. त्यांनी दादाला एकेक तार वाजवायला लावली आणि तिसऱ्या तारेला थांबले.

"ही मंद येतेय. सॅडलचं बूड वाकडंय. कुणी बसवलंय हे?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घाईत केलंस वाटतं."

"नाही काका. सावकाश केलं होतं. मग बिघडवलं."

त्यांनी हेडफोन परत कानाला लावले. मावशी माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

दादाचा नंबर आला. तो बसला आणि गायला लागला. आवाज सगळीकडे पोचत होता, पार मागच्या भिंतीपर्यंत. कुणी गप्पा मारत नव्हतं. बोट पडेल तसा सूर, बोटाच्या मागोमाग, इमानदारीत. लिफ्ट अडकली. माणूस घंटा दाबायला लागला. तारा दोनदा टणटणल्या.

आणि दादा थांबला.

त्याने मान वळवून बाजूच्या मोठ्या स्पीकरकडे बघितलं. हात मांडीवर आले. सभागृहभर तोच घूंघूं आवाज. लोकांना आधी वाटलं गाण्यातच असेल, लिफ्ट अडकलीय म्हणून. कुणीतरी हसलंसुद्धा. मग हसू विरलं. पुढच्या रांगेतली आई खुर्चीच्या कडेला आली. दादाची मान किंचित कलती झाली, घरी असायची तशीच. पाठीवरचा मावशीचा हात घट्ट झाला.

आठवडाभर मला सगळं आधीच ऐकू येत होतं आणि त्याची भीती वाटत होती. आता मला काहीही माहीत नव्हतं, आणि ते कितीतरी जास्त भयंकर होतं. मला ओरडावंसं वाटलं, तिथून काही येणार नाहीये, दादा.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने स्पीकरवरची नजर काढली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर पडलाय असं बघावं, तसं. बोट उठलं. एका तारेपर्यंत गेलं, परत आलं. दुसरीकडे गेलं. तिथे थांबलं. खोक्यातून काही आलं नाही, तरी ते मागे फिरलं नाही.

त्याने तार छेडली.

सूर चुकीचा होता. अगदी उघडउघड. आवाजाच्या काकांनी डोळे मिटून घेतले. दादाने ऐकलं, मान सरळ केली, तोच चुकीचा सूर परत एकदा वाजवला, या वेळी मुद्दाम, आणि पुढे निघाला.